थॉम्प्सन, विल्यम

(१७७५–२८ मार्च १८३३). आयर्लंडमधील आद्य समाजवादी विचारवंत, सहकारी वसाहतींचा पुरस्कर्ता आणि स्त्रियांच्या राजकीय हक्कांसाठी युरोपात सर्वांत आधी सविस्तर युक्तिवाद मांडणाऱ्यांपैकी एक. कार्ल मार्क्सच्या आधी एक पिढी त्याने श्रम, भांडवल आणि वरकड मूल्य (श्रमाने निर्माण झालेल्या मूल्यातला मजुरी वजा जाता मालकाकडे जाणारा भाग) यांची चर्चा केली. तो स्वतः मात्र जमीनदार होता. कुळांच्या खंडावर आपण जगतो, हे त्याने कधी लपवले नाही. त्याच्या विचारांतला प्रामाणिकपणा तिथूनच येतो.

थॉम्प्सनचा जन्म दक्षिण आयर्लंडमधील कॉर्क शहरातल्या एका सधन प्रॉटेस्टंट व्यापारी घराण्यात झाला. त्याचे वडील जॉन थॉम्प्सन कॉर्कच्या बड्या व्यापाऱ्यांपैकी एक होते आणि १७९४ मध्ये ते शहराचे महापौर झाले. लोणी आणि खारवलेले मांस यांची निर्यात करणारे कॉर्क हे त्या काळी अटलांटिकवरचे मोठे बंदर होते. १८१४ मध्ये वडील वारले. व्यापारी जहाजांचा लहानसा ताफा आणि पश्चिम कॉर्कमधील ग्लँडोरजवळची जमीन विल्यमकडे आली. १८०१ मध्ये आयर्लंडची संसद बंद होऊन देश ब्रिटनला जोडला गेल्यापासून अनेक आयरिश जमीनदार लंडनला राहत, खंड वसूल करायला कारभारी नेमत आणि आपल्या गावाचे तोंडही पाहत नसत. थॉम्प्सनने ती वाट धरली नाही. तो जमिनीवरच राहायला गेला. शेतीच्या सुधारित पद्धती त्याने कुळांना दाखवल्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले.

तरुणपणी तो फ्रान्स व नेदरलंड्स भागात हिंडला होता. फ्रेंच राज्यक्रांतीबद्दलची त्याची आस्था कॉर्कच्या प्रतिष्ठित मंडळींना मुळीच रुचली नाही. ते त्याला ‘लाल प्रजासत्ताकवादी’ म्हणत. देशात बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांना संसदेत बसण्याची मुभा १८२९ पर्यंत नव्हती. त्यांची बाजू घेणाऱ्या उमेदवारांना थॉम्प्सनने निवडणुकीत पाठिंबा दिला आणि आपल्याच जातभाईंची नाराजी ओढवून घेतली. १८१८ मध्ये कॉर्कमधील एका विद्यासंस्थेच्या कारभारावर त्याने वृत्तपत्रातून पत्रे लिहून टीका केली. सरकारी अनुदान आणि व्याख्याने श्रीमंतांच्या करमणुकीसाठी नसून सामान्य घरांतल्या मुलांना उपयोगी पडेल अशा शिक्षणासाठी असावीत, असे त्याचे म्हणणे होते. याच विषयावरून उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लंडनला बेंथमच्या घरी काही महिने पाहुणा म्हणून राहिला.

संपत्तीची विभागणी : बेंथमचे ‘जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख’ हे सूत्र थॉम्प्सनला मान्य होते. मात्र समता आणि मालमत्तेची सुरक्षितता यांत विरोध आला की समतेने माघार घ्यावी, हे बेंथमचे मत त्याला खुपत राहिले. कोणाच्या मालमत्तेची सुरक्षितता? विणकराने दिवसभर राबून काढलेले कापड संध्याकाळी त्याच्या हातून जाते आणि त्याला पोटापुरती मजुरी मिळते, तेव्हा त्याच्या मालमत्तेचे रक्षण कायद्याने केले असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचा त्याने सहाशे पानांत पाठलाग केला. १८२४ मध्ये ‘संपत्तीच्या विभागणीच्या तत्त्वांचा शोध’ या अर्थाच्या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ग्रंथाची सुरुवात साधी आहे. संपत्ती श्रमातून निर्माण होते. म्हणून श्रम मुक्त व स्वेच्छेचे असावेत, श्रमाचे फळ ज्याचे त्याला मिळावे आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने व्हावी. एवढे तीन नियम खरोखर पाळले, तरी खंड व नफा यांच्या रूपाने ऐतखाऊंकडे जाणारा ओघ आटेल, असे तो दाखवतो. बळजबरी आणि फसवणूक यांच्या आधाराशिवाय मोठी विषमता टिकत नाही, हा त्याचा निष्कर्ष. यंत्रे व भांडवल यांमुळे उत्पादनात जी भर पडते तिला तो वरकड मूल्य म्हणतो. भांडवलदार ती सगळी आपली मानतो, कामगाराच्या हिशेबाने मात्र त्याला यंत्राची झीज आणि कामकऱ्यांइतक्याच सुखाचा निर्वाह याहून जास्त काही मिळू नये, अशी दोन मापे तो शेजारीशेजारी मांडतो.

इथवरचा थॉम्प्सन मुक्त बाजाराचा कट्टर समर्थकही ठरला असता. ग्रंथाच्या पुढच्या भागात तो स्वतःच्याच नियमांची परीक्षा घेतो आणि म्हणून तो वाचण्यासारखा आहे. समजा स्पर्धा अगदी निखळ झाली, सगळ्या मक्तेदाऱ्या मोडल्या. तरी काय उरेल? त्याने पाच दोष मोजले. स्वार्थ हीच माणसाची मुख्य प्रेरणा राहील. घरकाम आणि बालसंगोपन प्रत्येक घरात वेगवेगळे कोंडलेले असल्याने अर्ध्या मानवजातीची उत्पादक शक्ती वाया जाईल. कोणाला काय हवे हे न कळता माल निघत राहील. आजारपण, अपघात व म्हातारपण यांत माणसाला आधार नसेल. आणि ज्ञानाचा प्रसार रोखला जाईल, कारण स्पर्धकापासून ज्ञान लपवणे फायद्याचे असते. यावर त्याला दिसलेला उपाय म्हणजे परस्पर सहकार्याने, सामाईक मालकीत राहणाऱ्या वसाहती. १८२४ साली एखाद्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात स्त्रियांच्या घरकामाचा प्रश्न बाजाराच्या दोषांत मोजला जावा, याचे महत्त्व नंतरच्या अभ्यासकांनाही उशिराच उमगले.

ॲना व्हीलर व १८२५ चे आवाहन : थॉम्प्सनच्या विचारांत हा धागा आला तो बराचसा ॲना डॉइल व्हीलरमुळे. ती टिपरेरी परगण्यातल्या एका धर्मगुरूची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, नवरा दारुडा, एकामागून एक बाळंतपणे. लागोपाठच्या मुलांतल्या दोघीच वाचल्या. १८१२ मध्ये ती मुलींना घेऊन घरातून निघाली आणि गर्न्सी बेटाचा गव्हर्नर असलेल्या आपल्या चुलत्याकडे गेली. पुढे फ्रान्समध्ये सँ-सिमों या समाजवादी विचारवंताच्या अनुयायांत ती वावरली, लंडनमध्ये बेंथम आणि सहकारी वसाहतींचा पुरस्कर्ता रॉबर्ट ओवेन यांच्या वर्तुळात आली आणि थॉम्प्सनची जवळची वैचारिक सहकारी झाली.

निमित्त झाले ते जेम्स मिलच्या एका वाक्याचे. हिंदुस्थानात पाऊल न टाकता हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारा हाच तो मिल. ब्रिटानिका विश्वकोशाच्या पुरवणीत त्याने १८२० मध्ये शासनसंस्थेवर नोंद लिहिली. ज्यांचे हित दुसऱ्यांच्या हितात सामावलेले असते त्यांना मताधिकार नाकारल्याने काही बिघडत नाही, आणि स्त्रियांचे हित बाप वा नवरा यांच्या हितात असतेच, असे त्यात त्याने म्हटले होते. निम्म्या जगाचा निकाल एका वाक्यात. थॉम्प्सनने १८२५ मध्ये त्याला उत्तर म्हणून पुस्तक लिहिले. ‘अर्ध्या मानवजातीचे, म्हणजे स्त्रियांचे, आवाहन’ अशा आशयाने सुरू होणारे त्याचे नाव लांबलचक आहे. मुखपृष्ठावर एकट्या थॉम्प्सनचे नाव असले तरी प्रास्ताविक पत्रात त्याने हे विचार व्हीलरचे असल्याचे आणि आपण मुख्यतः लेखनिकाचे काम केल्याचे स्पष्ट लिहिले आहे.

युक्तिवाद वकिलासारखा काटेकोर आहे. स्त्रियांचे तीन गट पाडा : बाप वा नवरा नसलेल्या, सज्ञान मुली, आणि विवाहित स्त्रिया. पहिल्या गटाचे हित सामावून घ्यायला कोणी पुरुषच नाही, म्हणजे मिलचा नियम तिथेच पडला. सज्ञान मुलग्याचे हित बापाच्या हितात विलीन होत नाही, मग मुलीचे का व्हावे? राहिली पत्नी. तत्कालीन इंग्रजी कायद्यात लग्नानंतर तिची मिळकत आणि तिची कमाई नवऱ्याची होत असे. अटी ठरवण्यात एका पक्षाला काहीच वाव नसताना विवाहाला करार म्हणणे हे थॉम्प्सनला असत्य वाटते, आणि हा भाग त्याने चिडून लिहिला आहे. वेस्ट इंडीजमधल्या गुलामाशी तो पत्नीच्या स्थितीची तुलना करतो. पण तो मताधिकारावर थांबत नाही. समान कायदे झाले तरी स्पर्धेच्या बाजारात बाळंतपण आणि संगोपन यांचे ओझे वाहणारी स्त्री मागेच पडेल. मुलांच्या पोषणाची जबाबदारी सर्वांनी मिळून घेतली तरच समता प्रत्यक्षात येईल, असे पुस्तक सांगते.

त्याच वर्षी लंडनमध्ये सहकारवादी मंडळींच्या सभागृहात सार्वजनिक वादसभा झडल्या. एका बाजूचा प्रमुख वक्ता थॉम्प्सन, दुसऱ्या बाजूला जेम्स मिलचा एकोणीस वर्षांचा मुलगा जॉन स्ट्युअर्ट मिल. या मिलने आत्मचरित्रात थॉम्प्सनचा अत्यंत आदरणीय माणूस म्हणून उल्लेख केला आहे. आगरकरांच्या पिढीने स्त्री-पुरुष समतेसाठी ज्या मिलचा आधार घेतला, त्याच्या त्या विषयावरील ग्रंथाच्या चव्वेचाळीस वर्षे आधी हे आवाहन छापून झाले होते.

व्हीलरची मुलगी रोझिना हिचा मुलगा म्हणजे १८७६ ते १८८० या काळातला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. दख्खनमध्ये दुष्काळ असताना त्याने १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवला. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी खादी नेसून गेले ते याच दरबाराला. आजीचा वारसा घराण्यात पुढे आला तो लिटनची मुलगी कॉन्स्टन्स हिच्याकडे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तिने तुरुंगवास भोगला.

सहकारी चळवळीत : १८२७ मध्ये थॉम्प्सनने श्रमाच्या मोबदल्यावर पुस्तक लिहिले आणि लेखक म्हणून नावाऐवजी ‘ऐतखाऊ वर्गातला एक’ अशा अर्थाची सही केली. टॉमस हॉजस्किन या इंग्रज अर्थलेखकाने कामगारांची बाजू घेत स्पर्धेचे समर्थन केले होते, त्याला हे उत्तर होते. १८२४ मध्ये संघटनाबंदीचे कायदे रद्द झाल्यावर कामगार संघटना उघडपणे वाढत होत्या. केवळ मजुरी वाढवून घेण्यात शक्ती खर्चू नका, वर्गणीतून स्वतःचे कारखाने आणि जमीन उभी करा, असा त्याचा सल्ला होता. १८३० च्या पुस्तकात त्याने सहकारी वसाहत प्रत्यक्ष कशी उभारावी याची बारकाईने कृती सांगितली : जमीन किती, इमारती कशा, पिके कोणती, कामाची वाटणी कशी.

रॉबर्ट ओवेन हा चळवळीचा प्रसिद्ध चेहरा होता, पण त्याच्याशी थॉम्प्सनचे पटत नसे. ओवेनला मोठ्या रकमा हव्या होत्या आणि त्या सरकारकडून वा श्रीमंत आश्रयदात्यांकडून येतील असा त्याचा भरवसा होता. वसाहतीचा कारभारही त्याला वरून चालवायचा होता. थॉम्प्सनचे म्हणणे असे, की लहान भांडवलावर, कामकऱ्यांनी स्वतःच सुरुवात करावी आणि कारभार सभासदांच्या हाती असावा. १८३१-३२ मधल्या सहकारी परिषदांत हा वाद जाहीरपणे रंगला आणि अनेक कामगार प्रतिनिधी थॉम्प्सनच्या बाजूने झुकले. त्याचे म्हणणे अधिक लोकशाहीचे होते, याबद्दल शंका नाही.

आयर्लंडमध्ये असा प्रयोग झाला तो क्लेअर परगण्यातल्या रॅलाहाइन येथे. जॉन व्हँडेलर या जमीनदाराने ६१८ एकर जमीन शेतमजुरांच्या सहकारी मंडळाला दिली आणि मँचेस्टरच्या एडवर्ड क्रेगला संघटक म्हणून आणले. नोव्हेंबर १८३१ पासून दोन वर्षे मंडळ उत्तम चालले. रोजची कामे सभासदांची निवडलेली समिती ठरवत असे, मजुरी पैशांऐवजी केलेल्या श्रमाच्या चिठ्ठ्यांत दिली जाई, दारू वर्ज्य होती, खंड वेळेवर जात होता. मग व्हँडेलर डब्लिनमध्ये जुगारात सर्वस्व हरला आणि परागंदा झाला. कायद्याच्या लेखी मंडळाला अस्तित्वच नव्हते, त्यामुळे सावकारांनी जमीन ताब्यात घेतली तेव्हा सभासदांना काहीच दावा सांगता आला नाही.

मृत्युपत्र व कज्जा : थॉम्प्सन बरीच वर्षे शाकाहारी होता, दारू व तंबाखूपासून दूर होता, अविवाहित होता. छातीच्या जुन्या विकाराने तो रॉसकार्बरीजवळच्या आपल्या जमिनीवर वारला. त्याने देह वैद्यकीय विच्छेदनासाठी दिला होता, सांगाडा जतन करावा अशी इच्छा नोंदवली होती आणि धार्मिक अंत्यविधी नाकारले होते. नातेवाइकाने त्याला रीतसर पुरले. नंतर मृत्युपत्रातली इच्छा उघड झाली आणि देह उकरून काढावा लागला, अशी त्या भागातली आठवण आहे.

मालमत्ता त्याने विश्वस्तांच्या हवाली केली होती, जेणेकरून गरीब लोकांना सहकारी वसाहतींत भाग घेता यावा. त्याच्या बहिणींनी दावा लावला. मृत्युपत्र करताना भावाचे डोके ठिकाणावर नव्हते, त्याचा हेतू अनैतिक होता, असा त्यांचा दावा होता. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. चळवळीच्या हाती अखेर जमीन लागली नाही आणि मिळकतीतला मोठा वाटा वकिलांच्या शुल्कात गेला.

नंतरचा प्रभाव : मार्क्सने १८४५ मध्ये मँचेस्टरला थॉम्प्सन वाचला आणि पुढे आपल्या लेखनात त्याचा उल्लेख केला. ऑस्ट्रियन कायदेपंडित आंटोन मेंगरने १८८६ मध्ये मार्क्सचा वरकड मूल्याचा सिद्धांत मुळात थॉम्प्सनचा आहे असा आरोप केला. मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने मार्क्सवादी लेखक काउट्स्कीसह त्याचा कडक प्रतिवाद केला. मेंगरने ताणून धरले हे खरे. थॉम्प्सनकडे अन्यायाचे वर्णन आहे, पण सर्व माल आपल्या मूल्याला विकला गेला तरी वरकड मूल्य कुठून येते, याचा उलगडा त्याच्याकडे नाही. जमीनदार आणि भांडवलदार युक्तिवाद ऐकून व चांगली उदाहरणे पाहून बदलतील, हा त्याचा विश्वासही रॅलाहाइनच्या आणि त्याच्या स्वतःच्या मृत्युपत्राच्या वाट्याला जे आले त्यात टिकला नाही. दोन्हीकडे मालकीच्या कागदानेच निकाल लावला.

आयर्लंडमध्ये त्याचे नाव जवळजवळ पुसले गेले होते. १९१० मध्ये आयरिश समाजवादी नेता जेम्स कॉनली याने आयरिश कामगारांच्या इतिहासावरील आपल्या पुस्तकात त्याला पहिला आयरिश समाजवादी आणि मार्क्सचा पूर्वसूरी म्हणून एक स्वतंत्र प्रकरण दिले, रॅलाहाइनवरही एक प्रकरण लिहिले. स्त्री-मताधिकार चळवळीतील सिल्व्हिया पँकहर्स्टचा मुलगा रिचर्ड पँकहर्स्ट याने १९५४ मध्ये थॉम्प्सनचे चरित्र प्रसिद्ध केले. १९७० च्या दशकापासून स्त्रीवादी अभ्यासकांनी १८२५ चे आवाहन पुन्हा छापून वाचायला सुरुवात केली आणि त्यातला ॲना व्हीलरचा वाटा किती, यावर चर्चा सुरू झाली.