टायरची पकड, मोटारसायकलच्या : नवे व थंड टायर

मोटारसायकलचे टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळे गाडीला वेग घेण्याची, थांबण्याची व वळण्याची जी क्षमता मिळते, तिला टायरची पकड म्हणतात. धावत्या मोटारसायकलचा रस्त्याशी संबंध दोन्ही टायर मिळून जेमतेम दोन तळहातांएवढ्या जागेपुरताच असतो. चारचाकीचे एक चाक घसरले तरी उरलेली तीन तिला उभी ठेवतात; मोटारसायकलचे पुढचे चाक वळणावर सुटले, तर ती सहसा सावरता येत नाही. नव्या टायरची आणि थंड टायरची पकड कमी असते, हे बहुतेक चालकांना ऐकून ठाऊक असते. मात्र ही दोन निरनिराळी कारणे आहेत : नवेपणा एकदा गेला की गेला, थंडपणा मात्र रोज सकाळी परत येतो.

रबर हे स्प्रिंगप्रमाणे लवचीक असते आणि त्याच वेळी काकवीप्रमाणे संथही असते. डांबरी रस्त्यावरील खडीचे बारीक कंगोरे त्यात रुततात, रबर मूळ आकारात यायला किंचित उशीर लावते आणि या उशिरात खर्ची पडणारी ऊर्जा घसरण्याला विरोध करते. त्याला रबर व खडी यांच्या रेणूंमधील आकर्षणाची जोड मिळते. रबर थंड असले की ताठर होते व कंगोऱ्यांभोवती नीट बसत नाही. ते प्रमाणाबाहेर तापले तरी पकड घटते.

नव्या टायरचा प्रश्न पृष्ठभागाचा आहे. साच्यात उष्णता व दाब देऊन रबराचे व्हल्कनीकरण (रबर पक्के व टिकाऊ करण्याची प्रक्रिया) केले जाते, तेव्हा ते साच्याला चिकटू नये म्हणून पूर्वी सर्रास लेप वापरला जाई. आता अनेक कारखाने साच्यालाच न चिकटणारा थर देतात, त्यामुळे लेपाचा अंश कमी झाला आहे; तरीही साच्यातून निघालेली गुळगुळीत, चकचकीत त्वचा उरतेच आणि ती रस्त्यावर घासून खरबरीत व्हावी लागते. म्हणून पहिले सुमारे 160 किमी. जपून चालवावेत, असे टायर उत्पादक साधारणपणे सुचवतात.

या आकड्यापेक्षा ते अंतर कोठे कापले, हे अधिक महत्त्वाचे आहे. मोटारसायकलच्या टायरचा छेद गोलसर असल्याने सरळ रस्त्यावर त्याचा मधला पट्टाच टेकतो, कडा टेकतात त्या गाडी वळणावर कलल्यावरच. महामार्गावर 300 किमी. धावून आलेल्या टायरच्या कडा त्यामुळे कारखान्यातून निघाल्या तशाच राहू शकतात, आणि घाटातल्या पहिल्या आवळत्या वळणावर नेमका तोच भाग रस्त्यावर येतो. मधल्या पट्ट्यावरचे केसासारखे रबरी तंतू झडले, म्हणजे टायर ‘बसला’, ही समजूत याच कारणाने फसवी आहे. कल हळूहळू वाढवत नेणे, हाच त्यावरचा उपाय. सँडपेपरने घासणे किंवा पेट्रोलने पुसणे टाळावे. पेट्रोल रबराला अपायकारक असते. गाडी धुऊन देताना टायर काळेभोर दिसावेत म्हणून लावले जाणारे पॉलिश कडांवर ओघळले, तर जुना टायरही नव्याहून निसरडा होतो, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

आणखी एक फरक आकाराचा असतो. झिजून मध्ये सपाट झालेल्या टायरची सवय लागलेल्या हाताला नव्या टायरवर गाडी चटकन कलते असे जाणवते. हा दोष नसून मूळ आकार परत आल्याचे ते लक्षण होय.

थंडपणाचा संबंध टायरच्या संपूर्ण शरीराशी आहे. फिरताना टायर सतत दबतो व सुटतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. चहासाठी अर्धा तास थांबले, तर ती बरीच निघून जाते. हिवाळ्यातील पहाटे आंबोली किंवा महाबळेश्वरच्या घाटात झाडांच्या सावलीतला रस्ता गार व दमट असतो, तेथे टायर तापायलाही वेळ लागतो. डावीउजवीकडे नागमोडी गाडी चालवून टायर तापत नाहीत. सरळ रस्त्यावर टप्प्याटप्प्याने वेग वाढवणे व ब्रेक लावणे अधिक उपयोगी पडते. हवा टायर थंड असतानाच तपासावी, कारण 30 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पौंडांत मोजलेला दाब) आसपास तापमानातील दर 10° से. फरकामागे दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. तापल्यावर वाढलेला दाब पाहून हवा सोडली, तर गार झालेला टायर कमी हवेवर राहतो. ब्रेक दाबताना चाक जाम होणे एबीएस ही ब्रेकप्रणाली टाळते, परंतु रबरात नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही.

शर्यतीचे टायर सामान्य रस्त्यावरील टायरपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला काम करतात, म्हणून शर्यतीपूर्वी त्यांना विजेवर तापणाऱ्या आवरणांत गुंडाळून ठेवतात. जर्मनीतील झाक्सनरिंग या मार्गावर 13 पैकी 10 वळणे डावीकडे आहेत. डाव्या वळणांची लांब मालिका संपून उताराकडे जाणारे 11 वे, उजवे वळण येते, तोवर टायरची उजवी बाजू गार झालेली असते, आणि मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेतील कसलेले स्वारही तेथे पुढचे चाक सुटून पडले आहेत. अशा मार्गांसाठी दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मिश्रणाचे रबर असलेले टायर बनवले जातात; कमी तापणाऱ्या बाजूला मऊ रबर असते.