कुर्बानीचा बोकड सांगण्याआधी

अस्सलामु अलैकुम. बकरी ईद जवळ आली की गोव्यातल्या फोंड्यात आमच्या मटणाच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती किलोचा आहे?’ खरं तर पहिल्यांदा विचारायला हवं ते वय. गर्दीत समजावून सांगायला सवड होत नाही, म्हणून हा कागद.

हनफी आणि शाफई या सुन्नी मुसलमानांच्या धर्मनियमांच्या दोन परंपरा. हनफी मतानुसार बोकड एक वर्षाचा पुरा झालेला हवा. शाफई मतानुसार दोन वर्षं पूर्ण हवीत. आपल्याकडे दोन्ही मतांची कुटुंबं आहेत, कोकणी घरं तर बहुतेक शाफईच. त्यामुळे बोकडासाठी नाव लिहिताना हनफी की शाफई ते सांगा. ‘दोन दाती’ म्हणजे पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के दात आलेला. असा बोकड वर्षाच्या वरचा असतो. दोन वर्षांच्या बाबतीत नुसत्या दातांवर आमचा भरवसा नाही, पाळणाऱ्याकडून खात्री करून घेतो. आंधळा, लंगडा, आजारी, हाडं दिसणारा बोकड चालत नाही. खस्सी (खच्ची) केलेला चालतो. तो ‘ऐबदार’ म्हणजे दोष असलेला नव्हे, तशी शंका मात्र दरवर्षी कुणीतरी काढतंच.

कुर्बानी कुणावर? हनफींमध्ये निसाबाइतकी (ठरलेल्या किमान मर्यादेइतकी) मालमत्ता असलेल्यावर ती वाजिब म्हणजे बंधनकारक आहे, शाफईंमध्ये ताकीद केलेली सुन्नत, म्हणजे आग्रहाची पण बंधनकारक नसलेली. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे. मात्र हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाकडचा आजचा १० ग्रॅमचा नव्हे. म्हणजे साधारण ६१२ ग्रॅम चांदी. ५२५ ग्रॅम धरून हिशेब करणारे आम्ही पाहिलेत.

‘सकाळी सातला तयार ठेवा’ असं कृपा करून सांगू नका. ईदच्या नमाजाआधी कापलं तर ते नुसतं मटण, कुर्बानी नव्हे. मुदत जिल्हिज्ज या इस्लामी महिन्याच्या १० तारखेपासून, म्हणजे ईदच्या दिवसापासून, हनफींसाठी १२ च्या सूर्यास्तापर्यंत, शाफईंसाठी १३ च्या. दुसऱ्या दिवसाची वेळ घेतलीत तर तुम्हालाही निवांत, आम्हालाही.

कापायचं काम तुम्ही आम्हाला सोपवता, पण इबादत (उपासना) तुमचीच राहते. म्हणून कुणाच्या नावाने ते लिहून घेतो आणि सुरी फिरवण्याआधी ते नाव घेतो. जमलं तर समोर उभे राहा. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा (मनातली ईशभक्ती), असं कुरआनच्या सूरह हज्जच्या ३७ व्या आयतीत आलंय. सुरी आधीच परजलेली असते, ती जनावराला दिसेल अशी धरत नाही आणि एकासमोर दुसरं कापत नाही. यात घाई होत नाही, थोडं थांबावं लागेल.

कापणं परवानगी असलेल्या जागेतच होतं. इमारतीच्या आवारात किंवा रस्त्याकडेला येऊन कापून देत नाही. पाऊस असला तर गटारातून रक्त शेजाऱ्याच्या दारात जायला वेळ लागत नाही. गोव्यात १९७८ पासून गोहत्याबंदीचा कायदा आहे. आम्ही फक्त बोकड आणि मेंढा करतो.

‘चामडं तुम्हीच ठेवा, मजुरीत वळतं करा’ असं प्रेमाने म्हणतात. ते जमणार नाही. कुर्बानीच्या जनावराचा कुठलाही भाग कापणाऱ्याला मजुरी म्हणून देता येत नाही. मजुरी वेगळी, रोख. चामडं मदरशाला किंवा गरजूला द्या, सांगाल तिथे पोहोचवू.

मटणाचे तीन वाटे करणं उत्तम: घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. हनफी मतानुसार बिगरमुस्लिम शेजाऱ्यालाही देता येतं. चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या म्हणजे करंज्या आणून देणाऱ्यांना विसरू नका, फक्त वार बघून पाठवा. २०२४ ची ईद १७ जूनला, सोमवारी आली होती. सोमवारी शिवराक (शाकाहार) पाळणाऱ्या घरांचे डबे मंगळवारपर्यंत आमच्या फ्रिजात होते.

नाव लिहायला येताना पिशवी नको, डबा आणा.