बिघडू देण्याची मुभा

मोठ्या वयात चित्रकला, गायन, वाद्यवादन किंवा लेखन शिकू लागणाऱ्या माणसासमोर एक अडचण असते, जी लहान मुलाला सहसा जाणवत नाही. चांगले चित्र कसे दिसते, सूर नेमका लागला की कसा ऐकू येतो, हे त्याला अनेक वर्षांच्या पाहण्या-ऐकण्यातून पुरते ठाऊक असते. हात किंवा गळा मात्र नुकताच कुठे कामाला लागलेला असतो. त्यामुळे आपल्या कामातील प्रत्येक दोष त्याला तत्काळ दिसतो आणि तो दोष म्हणजे आपल्या अंगी ही कला नसल्याचा पुरावाच आहे, असे तो धरून चालतो. पुष्कळ जण याच टप्प्यावर शिकणे सोडतात. शिकणाऱ्या मेंदूविषयी गेल्या काही दशकांत जे समजले आहे ते पाहता, त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो असे मला ठामपणे वाटते. सुरुवातीचे ओबडधोबड काम हाच शिकण्याचा कच्चा माल असतो, आणि तो पुरेशा प्रमाणात तयार होऊ दिला नाही तर पुढची प्रक्रियाच अडते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका लहानशा पक्ष्याच्या अभ्यासातून मिळाला आहे. झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या परिसरातील, मुठीत मावेल एवढा पक्षी आहे. त्याच्या नराला गाणे जन्मतः येत नाही. पिल्लू आधी मोठ्या नराचे, बहुधा आपल्या बापाचे, गाणे ऐकून ते स्मृतीत साठवते आणि मग साधारण तीन महिन्यांचे होईपर्यंत त्या स्मृतीशी आपला आवाज जुळवत राहते. म्हणजे मोठेपणी शिकणाऱ्या माणसाची जी अवस्था असते तीच या पिल्लाची असते: आदर्श नमुना डोक्यात पक्का, गळा मात्र कच्चा. त्याचे सुरुवातीचे स्वर इतके विस्कळीत असतात की त्यांत गाण्याचा मागमूसही लागत नाही. मानवी बाळाच्या बडबडीशी शास्त्रज्ञांनी त्यांची तुलना केली आहे, ती योग्यच आहे.

ही बडबड म्हणजे केवळ अप्रगत गळ्याची असहायता आहे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मेंदू ती मुद्दाम निर्माण करतो. या पक्ष्याच्या पुढच्या मेंदूत एलमॅन या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा चेतापेशींचा एक छोटा समूह आहे. 1984 साली सारा बॉटजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मोठ्या पक्ष्यात या भागाला इजा झाली तरी त्याच्या तयार गाण्यात फारसा फरक पडत नाही, पण शिकत असलेल्या पिल्लात तीच इजा झाली तर त्याचे गाणे कधीच नीट घडत नाही. तयार गाण्याला ज्याची गरज नाही, पण शिकण्याला आहे, असे हा भाग नेमके काय करत असावा? उत्तर 2005 साली स्पष्ट झाले. बेन्स ओल्वेत्स्की आणि सहकाऱ्यांनी शिकत्या पिल्लांमधील हा भाग औषधाने काही काळापुरता निष्क्रिय केला, तेव्हा एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत होणारे फरक एकदम कमी झाले आणि चाचपडणारे गाणे अचानक ठरावीक, एकसुरी होऊन बसले. औषधाचा परिणाम ओसरल्यावर चाचपडणे परत आले. 2008 साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: मोठ्या पक्ष्याच्या गाण्यासाठी अत्यावश्यक असलेला मेंदूचा भाग पिल्लाच्या बडबडीसाठी लागतच नाही, एलमॅन मात्र लागतो, हे त्यांनी सिद्ध केले. चुकत, भरकटत गाण्यासाठी या पक्ष्याच्या मेंदूत स्वतंत्र यंत्रणा आहे, आणि ती बंद केली तर गाणे सुधारत नाही, आहे तिथेच गोठते. माझ्या मते शिकण्याच्या विज्ञानात यापेक्षा दिलासा देणारे निष्कर्ष थोडेच असतील.

फरकांची गरज का असते, हे समजायला सोपे आहे. गळ्याच्या कोणत्या स्नायूला किती ताण दिला की कोणता स्वर निघतो, हे पिल्लाला कोणी सांगू शकत नाही. दर वेळी थोडे वेगळे करून पाहणे आणि त्यातून जे नमुन्याच्या जवळ जाईल ते राखणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे असतो. यातील राखण्याचे काम कसे चालत असावे, याचा एक धागा 2016 साली हाती लागला. गात असलेल्या झेब्रा फिंचला त्याच्याच गाण्याचा काही भाग बिघडवून ऐकवला, तेव्हा त्याच्या मेंदूतील डोपामीन हे संदेश पोहोचवणारे रसायन स्रवणाऱ्या काही पेशींची क्रिया मंदावली. आणि जिथे बिघाड अपेक्षित होता तिथे तो झाला नाही, तेव्हा त्याच पेशी उत्तेजित झाल्या. ही प्रतिक्रिया अलीकडच्या अनुभवातून तयार झालेल्या अपेक्षेवर अवलंबून होती. शिकवणारा संकेत ‘उत्तम की वाईट’ असा निवाडा देत नाही, ‘नेहमीपेक्षा बरे की नेहमीपेक्षा वाईट’ एवढेच सांगतो. पक्ष्यावरून माणसाकडे येताना सावध राहिले पाहिजे, तरीही जो नवशिका आपली प्रत्येक रेघ थेट नामवंत चित्रकाराच्या रेघेशीच ताडून पाहतो, तो स्वतःला या उपयुक्त संकेतापासून वंचित ठेवतो, असे मला वाटते. त्या तुलनेत त्याचे आजचे चित्र आणि कालचे चित्र सारखेच वाईट ठरतात आणि दोहोंमधील फरक, ज्यातून काही शिकता आले असते, दिसेनासा होतो.

माणसांमध्येही फरकांचे महत्त्व तपासले गेले आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात विशिष्ट वळणाने हलवण्यास शिकवले गेले, तेव्हा सरावाआधीच ज्यांच्या हालचालींमध्ये त्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची विविधता अधिक होती, ते अधिक वेगाने शिकले. नंतरच्या सर्वच प्रयोगांत हे नाते इतके स्वच्छ दिसले नाही, कारण स्नायूंची निव्वळ अस्थिरता आणि शोध घेणारी विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. चालायला शिकणारी बाळे किती करून पाहतात आणि किती चुकतात, याबाबत मात्र शंकेला जागा नाही. कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने 2012 साली केलेल्या नोंदींनुसार 12 ते 19 महिन्यांची बाळे मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी 2,368 पावले टाकत होती आणि 17 वेळा पडत होती.

मात्र ‘वाईट होऊ द्या’ याचा अर्थ ‘कसेही होऊ द्या’ असा घेणे घातक आहे, आणि हेही पक्ष्यांनीच दाखवून दिले आहे. मासाकाझू कोनिशी यांनी 1965 साली पांढऱ्या शिरपट्ट्याच्या चिमण्यांवर केलेल्या अभ्यासात, नमुना ऐकून झालेला पण स्वतः गाण्याचा सराव सुरू न केलेला पक्षी बहिरा केला, तर त्याचे गाणे विकृत राहते असे आढळले. नमुना स्मृतीत होता, गळाही शाबूत होता. स्वतःचे गाणे ऐकण्याची सोय तेवढी नव्हती. चूक करण्याची मुभा ही चूक ऐकण्याच्या तयारीसह घ्यावी लागते. एकच अवघड तान लक्ष न देता शंभरदा चुकीची घोटली, तर चूकच पक्की होते, असे गायनाचे शिक्षक सांगतात ते खरे आहे.

चित्रकलेत तर चूक ही माहितीच असते. 1997 साली डेल कोहेन आणि सुसान बेनेट यांनी बहुतेक लोकांना समोरचे दृश्य हुबेहूब का काढता येत नाही, याची चिकित्सा केली. हात वळत नाही हे कारण त्यांना गौण आढळले. मुख्य दोष वस्तूकडे पाहण्यातच निघाला, म्हणजे डोळ्यासमोर जे असते त्याऐवजी मेंदूला जे ठाऊक असते किंवा वाटते तेच कागदावर उतरते. चेहरा काढताना नवशिके डोळे जवळजवळ हमखास वर काढतात. डोळे हा चेहऱ्याचा महत्त्वाचा भाग आणि कपाळ रिकामे, म्हणून मेंदू कपाळाचा हिशेब कमी धरतो. प्रत्यक्षात डोळ्यांची रेषा हनुवटीपासून माथ्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर असते. हे वाक्य वाचून कळते, पण स्वतः काढलेला बिघडलेला चेहरा मूळ छायाचित्रावर ठेवून पाहिला, म्हणजे आपली नजर नेमकी कुठे आणि किती फसते हे प्रत्येकाला आपापले कळते. तो बिघडलेला कागद फाडून टाकणारा माणूस मोजमापच फेकून देत असतो.

मग ही मुभा स्वतःला देणे इतके अवघड का जाते? एक कारण कार्यकारी स्मृतीच्या, म्हणजे काम करताना गोष्टी तात्पुरत्या मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेच्या, मर्यादेत आहे. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी 1967 साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे वर्णिले: पहिल्यात प्रत्येक कृती विचारपूर्वक करावी लागते, दुसऱ्यात कृती एकमेकींशी जुळू लागतात, तिसऱ्यात त्या आपोआप होऊ लागतात. पहिल्या टप्प्यात बोटे, ताल, पुढचा स्वर असे सारे एकाच वेळी मनात धरावे लागते, आणि मन एका वेळी अशा जेमतेम चारेक गोष्टी धरू शकते, असा अंदाज आहे. त्यात ‘हे किती वाईट चालले आहे’ आणि ‘लोक काय म्हणतील’ या दोन विचारांनी जागा अडवली, तर मुळातच अपुऱ्या असलेल्या साधनांतून कामासाठी फारसे काही उरत नाही. काम आणखी बिघडते, आणि ते बिघडणे पुन्हा अंगी गुण नसल्याचा पुरावा म्हणून मोजले जाते.

दुसरे कारण पाहणाऱ्यांच्या नजरेत आहे. रॉबर्ट झायोन्क यांनी 1965 साली मांडले की इतरांच्या उपस्थितीत माणसाच्या अंगवळणी पडलेल्या क्रिया सुधारतात आणि नव्याने शिकण्याच्या क्रिया बिघडतात. पुढे 1983 मध्ये 241 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा परिणाम लहान, पण साधारण याच दिशेचा निघाला. सर्जनशील कामाबाबत टेरेसा अमाबिले यांचा 1979 मधील प्रयोग अधिक बोलका आहे. त्यांनी विद्यार्थिनींना कागदाचे तुकडे चिकटवून चित्ररचना करायला सांगितली. आपल्या रचनेचे परीक्षण होणार आहे असे ज्यांना आधी सांगितले होते, त्यांच्या रचना कलावंत परीक्षकांना एकूणच कमी सर्जनशील वाटल्या. परीक्षक चांगले होते की कठोर, याचा येथे संबंधच नाही; परीक्षण होणार ही जाणीवच पुरेशी ठरली. नवशिक्याच्या बाबतीत तो परीक्षक बहुधा त्याच्याच डोक्यात बसलेला असतो, म्हणून खोलीत एकटे असूनही सुटका होत नाही.

येथे झेब्रा फिंचकडे पुन्हा वळावेसे वाटते, कारण एकांतातील गाणे आणि दुसऱ्यासाठीचे गाणे हा भेद त्याच्या मेंदूतच आहे. नर मादीसमोर गातो तेव्हा त्याचे गाणे नेटके आणि ठरीव असते. एकटा असतो तेव्हा त्यात फरक अधिक असतात, आणि एलमॅनमधील पेशींची क्रियाही या दोन प्रसंगी वेगवेगळी असते. सातोशी कोजिमा आणि अ‍ॅलिसन डूप यांनी 2011 साली शिकत्या पिल्लांना मादीसमोर गाऊ दिले, तेव्हा एरवी विस्कळीत गाणारी ती पिल्ले एकदम बरीच प्रौढ, नीटस गाऊ लागली. म्हणजे त्यांना येत होते त्यापेक्षा एकांतात ती वाईट गात होती, कारण एकांतात ती गाण्याचे प्रदर्शन करत नव्हती, शोध घेत होती. कोणाच्या सरावाची खोली बाहेरून ऐकून त्याची पात्रता ठरवणे किती चुकीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे. माणसांच्या बाबतीत रॉबर्ट ब्योर्क यांनी हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडला आहे: सरावाच्या वेळची कामगिरी आणि प्रत्यक्ष झालेले शिक्षण यांची गल्लत करू नये. 1979 साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी दाखवले की तीन वेगवेगळ्या हालचाली मिसळून, उलटसुलट क्रमाने शिकणाऱ्यांची कामगिरी सरावात निकृष्ट दिसते, पण 10 दिवसांनी घेतलेल्या चाचणीतही, एकेक हालचाल घोटून शिकणाऱ्यांपेक्षा त्यांना ती चांगली आठवते.

ही मुभा केवळ प्राथमिक टप्प्यापुरती असते आणि प्रावीण्य आल्यावर तिची गरज संपते, असेही नाही. एव्हरेन ट्युमर आणि मायकेल ब्रेनार्ड यांनी 2007 साली बंगाली फिंच जातीच्या प्रौढ नरांवर प्रयोग केला. या नरांचे गाणे पक्के झालेले होते आणि एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत स्वराच्या उंचीत किंचितच फरक पडत होता. ठरावीक उंचीच्या एका बाजूला स्वर गेला की त्यांना खरखर ऐकवली गेली, तेव्हा काही तासांतच त्यांनी तो स्वर दुसऱ्या बाजूला सरकवला. कानाला नगण्य वाटणारा तो उरलेला फरकच त्यांना बदल करण्यासाठी पुरला.

प्रत्यक्ष शिकताना यातून मी सर्वाधिक भर देईन तो करणे आणि तपासणे या दोन कामांची वेळ वेगळी ठेवण्यावर. गाताना ध्वनिमुद्रण करावे आणि ते दुसऱ्या दिवशी ऐकावे. लिहिताना मागचे वाक्य दुरुस्त करू नये, दुरुस्तीसाठी स्वतंत्र बैठक ठेवावी. तपासताना ‘चांगले झाले का’ हा प्रश्न टाळून एकच मोजता येईल असा प्रश्न घ्यावा: आज डोळ्यांची रेषा कुठे आली, तिसरा स्वर उतरला का, दुसऱ्या परिच्छेदात कोण बोलत आहे हे कळते का. आधीचे काम जपून ठेवावे, कारण तुलना त्याच्याशीच करायची असते. सरावाचे काम दाखवणे बंधनकारक नसावे, आणि दाखवायचे ठरले तर ते दाखवण्यासाठी म्हणून वेगळे करावे. शिकवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की विद्यार्थी काम करत असताना त्याच्या खांद्यावरून पाहू नये. त्याचे काम संपल्यावर, त्यातील एकाच गोष्टीविषयी, नेमके बोलावे आणि त्याला पुढचा कागद घेऊ द्यावा.