ईमेल यादी आणि सेल्स फनेल: काम सुरू करण्याआधी वाचून घ्या

"मेल कोण वाचते भाऊ आजकाल?" ग्राहकांना ईमेल यादी आणि सेल्स फनेल उभारून देणाऱ्या नागपुरातल्या आमच्या ऑफिसात नवीन ग्राहक आला की हा प्रश्न ठरलेला. नोट्स विकणारे शिक्षक, सावजी रश्शाचा व्हिडिओ कोर्स काढायचं म्हणणाऱ्या ताई, सगळे हेच विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. लग्नाच्या पत्रिकेपासून शाळेच्या नोटिशीपर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, मग मेलचा खटाटोप कशाला?

कारण मालकी. 29 जून 2020 ला भारतात टिकटॉकवर बंदी आली. लाखोंनी फॉलोअर जमवलेल्यांकडे आपल्याच प्रेक्षकांना गाठायला काही उरलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, आणि त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ईमेल यादी मात्र फाइल म्हणून उतरवून घेता येते. उद्या आमचं काम आवडलं नाही तर ती घेऊन दुसरीकडे जा. आम्ही अडवणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप सोडा असंही म्हणत नाही. फॉर्मची लिंक तिथूनच फिरवायची, पुढचं बोलणं मेलवर.

फनेल म्हणजे नेमकं काय करतो

फनेल म्हणजे अनोळखी माणसाला पायरीपायरीने गिऱ्हाईक बनवणारी मेलची साखळी. एक उदाहरण घेऊ. समजा, काटोलकडच्या एका अनुभवी संत्रा बागायतदाराला आंबिया बहाराचं (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहाराचं) वर्षभराचं वेळापत्रक पीडीएफ आणि व्हिडिओ स्वरूपात 499 रुपयांना विकायचं आहे. थेट जाहिरात केली तर अनोळखी माणूस पैसे देत नाही. म्हणून आधी फुकट काहीतरी द्यायचं, पण ते आजच्या आज उपयोगी पडणारं हवं. पावसाळा सरला की डिंक्या रोगासाठी बुंध्याला बोर्डो मलम लावायची वेळ येते. त्याचं एक पान करा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, कालवायचं कसं, बुंध्याला कुठपर्यंत लावायचं, सोबत डिंक ओघळलेल्या सालीचे दोन फोटो. हे पान हवं असेल तर नाव आणि ईमेल भरा. बस, फॉर्ममध्ये तिसरा रकाना नको. गाव, एकर, झाडांची संख्या विचारायचा मोह आवरा. प्रत्येक जादा रकान्यागणिक माणसं गळतात.

पान लगेच मेलवर जातं. दोन दिवसांनी दुसरा मेल: मलम लावताना लोक काय चुकतात. त्यानंतर तान (फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी तोडणं) कधी द्यायचा, हलक्या आणि भारी जमिनीत तो कसा बदलतो, यावर एखाद-दोन मेल. यात विक्रीचा शब्दही नाही. चौथ्या-पाचव्या मेलला वेळापत्रकाची ओळख, किंमत आणि लिंक. शेवटी एक छोटा मेल: नोंदणी अमुक तारखेला बंद. आणि ती तारीख खरी असू द्या. दर आठवड्याला "आज शेवटची संधी" म्हणणाऱ्याचा मेल लोक न उघडताच उडवतात, आणि बरोबरच करतात.

या सगळ्याचा हंगाम महत्त्वाचा. आंबियाचा तान साधारण डिसेंबरात बसतो, म्हणजे विक्री नोव्हेंबरात व्हायला हवी आणि यादी सप्टेंबर-ऑक्टोबरात. फेब्रुवारीत फुलं लागल्यावर तेच वेळापत्रक कोण घेईल? स्पर्धा परीक्षेच्या नोट्सना भरतीच्या जाहिरातीची तारीख असते, रेसिपी कोर्सला सणवार. तुमच्या मालाचा हंगाम तुम्हालाच ठाऊक. पहिल्या भेटीत आम्ही सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवतो.

यादी विकत घेऊ नका

"पन्नास हजार मेल आयडी, स्वस्तात" असा पेन ड्राइव्ह घेऊन लोक येतात. आम्ही तो अपलोड करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. स्पॅमची तक्रार हजारात तीनच्या खालीच राहायला हवी, आणि जीमेलला दिवसाला 5,000 हून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या) आणि एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय सक्तीची आहे. विकतच्या यादीवर एकदा पाठवलं की तुमच्या डोमेनचं (इंटरनेटवरच्या तुमच्या स्वतःच्या पत्त्याचं) नाव खराब होतं, मग खऱ्या गिऱ्हाइकाचा मेलसुद्धा स्पॅममध्ये जातो. या नोंदी आम्ही लहान यादीलाही करून देतो. त्यासाठी स्वतःचं डोमेन लागेल. जीमेलच्या पत्त्यावरून असा कारभार चालत नाही.

कायदाही आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट आणि नेमक्या कारणासाठी असावी लागते, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. फॉर्मखालची सूचना आम्ही मराठीतच लिहितो.

फॉन्टचं दुखणं

हे मराठी ग्राहकांचं नेहमीचं. जुना मजकूर श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असतो. तो मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या टायपिंगमध्ये) बदलून द्या, किंवा आम्हाला सांगा, आम्ही बदलू. जोडाक्षरं आणि रफार मात्र तुम्ही स्वतः तपासा. "तान" चं "तन" झालं तर शेतकरी हसेल आणि निघून जाईल.

पैसे, चोरी आणि आकडे

पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे जमा करून देणारी सेवा) साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, म्हणजे 499 मागे 12 रुपयांच्या आसपास. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 20 लाख उलाढालीची आहे. तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते सीएंना विचारून घ्या.

पीडीएफ फॉरवर्ड होणार. होईलच. प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव छापून देतो, त्याने थोडा आळा बसतो. त्यापलीकडे कुलुपं लावण्यात पैसे घालवू नका. त्रास फक्त पैसे भरलेल्या माणसाला होतो.

किती जणांनी मेल उघडला हा आकडा अहवालात असेल, पण त्यावर फार जाऊ नका. 2021 मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसू शकतो. क्लिक किती, उत्तरं किती आणि खरेदी किती, एवढं बघा. शंभरातले किती घेतील याची हमी आम्ही देत नाही.

पहिल्या भेटीला येताना तुमचा माल कच्चा असला तरी घेऊन या, डोमेन असेल तर त्याचं लॉगिन कुणाकडे आहे ते शोधून ठेवा (बहुतेकदा ते जुन्या वेबसाइटवाल्याकडेच असतं), आणि गिऱ्हाईक तुम्हाला फोनवर नेहमी विचारतात ते प्रश्न कागदावर लिहून आणा. तुमचे पहिले मेल त्यातूनच निघतील.