बंद मोबाईल जाळून सोनं मिळत नाही

"डबडा मोबाईल जाळा, राखेत सोनं सापडते" ही गोष्ट आपल्याकडे गावोगावी वर्षानुवर्षं फिरते आहे.

फोनमध्ये सोनं असतं, हे खरं. पण किती? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबानं 10 लाख फोनांत साधारण 34 किलो. म्हणजे एका ग्रॅमसाठी तीसेक फोन, तेही कणभर वाया न जाता. फोनमधलं सोनं म्हणजे नुसता मुलामा, तो इतका पातळ असतो की जाळल्यावर तांब्या-कथलाच्या राखेतच अडकून बसतो. तो सोडवायला तेजाब लागतं. मग ते पाणी नाल्यात, नाल्यातून विहिरीत. धुरात डायॉक्सिनसारखं विष असतं, आणि हे काम पोरांच्या हाती दिलेलं पाहिलं की जीव कासावीस होतो. लिथियम बॅटरी आगीत फुटते ते वेगळंच.

उकिरड्यावर फेकला तरी सुटका नाही. मिरगाआधी शेणखत वावरात पडतं, त्यासोबत फोनही. जुन्या फोनच्या डाखात शिसं असतं, तेही मग वावरात जातं.

फोनचं बहुतेक प्रदूषण तर तो हाती येण्याआधीच, खाणीत आणि कारखान्यात झालेलं असतं. चार्जिंगची वीज त्यापुढे किरकोळ. म्हणून बॅटरी, स्क्रीन बदलून तोच फोन वापरा. अगदीच गेला, तर 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी कंपनीवर आहे. तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. फुगलेली बॅटरी तोवर घराबाहेर, कोरड्या जागी ठेवा.