१४ किलो गॅसचा ४३ किलो वायू होतो कसा?

शाळा सुरू झाल्या की राहून गेलेला पर्यावरण दिन उरकला जातो. भिंतीवर रडणारी पृथ्वी आणि खाली ‘चार्जर काढून ठेवा, वसुंधरा वाचवा’. काढून ठेवावा, बिघडत काही नाही. पण फोन एकदा पूर्ण चार्ज व्हायला साधारण २० वॅट-तास वीज लागते आणि १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला ३५०. रिकामा चार्जर याच्या पासंगालाही पुरत नाही. भिंतीवर गिझर मात्र मला अजून दिसलेला नाही.

आठवी-नववीच्या मुलांना घोषणांपेक्षा सिलिंडर द्यावा. आत १४.२ किलो गॅस, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे तीन अणू, हायड्रोजनचे आठ, रेणुभार ४४. जळल्यावर त्या तीन कार्बनचे कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू होतात आणि त्या प्रत्येकाचाही रेणुभार ४४! वजन थेट तिप्पट. ब्युटेनचंही जवळपास तेच. वरचं वजन स्वयंपाकघरातल्या हवेतल्या ऑक्सिजनचं. म्हणजे एका सिलिंडरमागे सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड.

आता वाचवायचं कुठे? पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, पुण्यात ९८च्या आसपास. उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवा, तापमान तिथेच अडतं. जादा उष्णता फक्त वाफ करते, आणि वाफ भलतीच खर्चिक: एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल, पण त्याच उकळत्या लिटरची पूर्ण वाफ करायला २२५७. सातपट! हीच ती सुप्त उष्मा, पुस्तकात व्याख्येपुरती उरलेली.

घरी मोठ्या माणसाला सोबत घेऊन सारख्या आकाराचे बटाटे दोन सारख्या पातेल्यांत उकडा. उकळी आल्यावर एकाची आच मोठीच ठेवा, दुसऱ्याची मंद करून झाकण घाला. बटाटे शिजतील जवळपास एकाच वेळी. पातेली आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. मोठ्या आचेवरच्या पातेल्यातून २०० ग्रॅम पाणी जास्त उडालं असेल, तर ४५१ किलोज्यूल हवेत गेले. शेगडीची ६५ टक्के उष्णता भांड्यात शिरते असं धरलं तर हा १५ ग्रॅम गॅस, आणि वर सांगितलेल्या तिपटीने ४५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

गॅसच्या नळीला चुंबक लावून बचत करून देणारेही भेटतात. प्रोपेनला चुंबकाचं काही सोयरसुतक नाही.

कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे बाहेर पडणारी तीच महागडी वाफ. पहिली झाली की आच मंद करावी आणि पुढच्या शिट्ट्या मोजण्याऐवजी घड्याळ बघावं.