बारा वाजले की एएम, की पीएम?

एएम म्हणजे 'अँटे मेरिडिएम' आणि पीएम म्हणजे 'पोस्ट मेरिडिएम'. लॅटिन भाषेत 'मेरिडिएस' म्हणजे मध्यान्ह. त्यामुळे पहिलं मध्यान्हापूर्वी, दुसरं मध्यान्हानंतर. अकरा तास हे सुरळीत चालतं. घोळ होतो तो फक्त बाराला. दुपारचे ठीक बारा म्हणजे खुद्द मध्यान्ह, ते ना आधी ना नंतर. मध्यरात्र तर एका मध्यान्हानंतर बारा तासांनी आणि दुसऱ्याच्या आधी बारा तास! आज रूढ झालेला संकेत असा: दुपारचे बारा पीएम, रात्रीचे बारा एएम. 12:01 ला तर मध्यान्ह उलटलेलाच असतो. मग एका मिनिटासाठी घड्याळाने अक्षरं कशाला बदलायची?

अर्थात हा मध्यान्ह घड्याळाचा, सूर्याचा नव्हे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, मुंबई सुमारे 72.9 अंशांवर. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणून मुंबईत सूर्य सरासरी 12:38 ला माथ्याच्या रेषेवर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:22 च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला 12:53 च्या आसपास.

चोवीस तासांत बदलताना 1 ते 11 पीएममध्ये 12 मिळवा. 12 पीएम तसंच ठेवा, 12 एएमचे शून्य करा. नवशिक्या प्रोग्रॅमरची ठरलेली चूक म्हणजे सरसकट प्रत्येक पीएममध्ये 12 मिळवणं. मग दुपारच्या साडेबाराचे 24:30 होतात.

लग्नपत्रिकेतलं 'दु. 12 वा. 35 मि.' या बाबतीत अधिक चोख. पण 'शनिवारी रात्री 12 वाजता' हे मराठीतही निसरडंच, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि आपल्या बोलण्यातली शनिवारची रात्र उजाडेपर्यंत शनिवारचीच असते. घड्याळाची तारीख मात्र मध्यरात्रीच पालटते. अर्जाची मुदत लिहायची तर 'शनिवार, रात्री 11:59' लिहावं.

रेल्वे चोवीस तासांचं घड्याळ वापरते, तरी तारखेची ही गफलत तिथेही होते. तिकिटावर 15 तारीख आणि सुटण्याची वेळ 00:15 असेल, तर 14 तारखेला रात्री जेवून स्टेशन गाठायचं. 15 च्या रात्री पोहोचलात, तर गाडी जाऊन चोवीस तास होत आलेले असतात.